‘लेकरू’, ‘आपण’ आणि ‘मी’ : बालपणी जडलेल्या व्याधींच्या शुश्रूषेची भाषा

१

बालपणी जडलेली असाध्य व्याधी आणि प्रौढ वय या दोन गोष्टी एकाच माणसाच्या ठिकाणी दीर्घकाळ नांदणे, ही मानवी इतिहासातील तुलनेने अलीकडची घटना होय. १९२२ च्या जानेवारीत टोरांटो येथे लिओनार्ड टॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलीन टोचण्यात आले. तोपर्यंत मुलांचा मधुमेह हा अल्पावधीत प्राण घेणारा रोग होता. टॉम्पसन त्यानंतर १३ वर्षे जगला. म्हणजेच तो प्रौढ झाला. पेन्सिलीनमुळे संधिवाती ज्वराने हृदयाच्या झडपा बिघडलेली मुले, नियमित रक्तसंक्रमणामुळे थॅलेसीमियाची मुले आणि हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधांमुळे सिकलसेलची मुले यांच्याही बाबतीत कमीअधिक प्रमाणात हेच घडले. जी मुले पूर्वी मुले असतानाच जात, ती आता वाढतात, शिकतात, नोकरी शोधतात, लग्नाची होतात.

वैद्यकाने निर्माण केलेल्या या नव्या माणसाची दखल वैद्यकशास्त्र गेली काही दशके घेत आहे. बालरोगतज्ज्ञाकडून प्रौढांच्या वैद्याकडे रुग्ण सोपविण्याची क्रिया ही केवळ कागद एका विभागातून दुसऱ्या विभागात नेण्याची बाब नसून ती हेतुपूर्वक आखलेली, काही वर्षे चालणारी वाटचाल असली पाहिजे, असा विचार अमेरिकेत १९९३ च्या सुमारास स्पष्ट शब्दांत मांडला गेला. मात्र या वाटचालीची एक बाजू भाषेची आहे. रुग्णाविषयी कोण बोलतो, कोणत्या शब्दांत बोलतो आणि व्याकरणातील कोणत्या पुरुषात बोलतो, यावर शुश्रूषेचे स्वरूप पुष्कळ अंशी अवलंबून असते. प्रस्तुत लेखात नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांचा परिसर समोर ठेवून या भाषेचे परीक्षण करावयाचे आहे. लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : बालपणीच्या व्याधीचे वृत्त प्रायः तृतीय पुरुषात, बहुधा मातेच्या मुखातून सांगितले जाते, रुग्ण प्रौढ झाला की तेच वृत्त प्रथम पुरुषात सांगण्याची वेळ त्याच्यावर येते, परंतु त्यासाठी त्याला कोणी तयार केलेले नसते, आणि मराठीचा रूढ व्यवहारही त्या तयारीला फारसा हातभार लावीत नाही.

२

प्रथम व्याधीविषयक सामान्य क्रियापदे पाहावीत. मराठीत माणूस आजारी ‘पडतो’, अंथरूण ‘धरतो’ आणि दुखण्यातून ‘उठतो’. या तिन्ही प्रयोगांमागे एकच चित्र आहे. उभा असलेला माणूस काही काळ आडवा होतो आणि पुन्हा उभा राहतो. उठला नाही तर जातो. ताप, गोवर, हगवण यांसारख्या रोगांना हे चित्र अचूक लागू पडते, कारण त्यांना आरंभ आणि शेवट असतो. परंतु ज्याचा मधुमेह सातव्या वर्षी सुरू झाला आणि जो तिसाव्या वर्षी दिवसातून चार वेळा इन्सुलीन टोचून शेतात किंवा कचेरीत जातो, तो पडलेला नाही आणि उठलेलाही नाही. त्याच्या स्थितीसाठी रूढ क्रियापद शोधू गेल्यास ‘दुखणे अंगावर काढणे’ हा प्रयोग हाती लागतो. परंतु त्याचा अर्थ उपचार न करता सोसणे असा आहे. म्हणजे नेमका जो आचार अशा रुग्णाला घातक, त्याचेच नाव. उपचार करीत, काम करीत, व्याधीसह चालत राहणे यासाठी आटोपशीर असे क्रियापद बोलीत नाही.

परंपरेला ही संकल्पना अपरिचित होती, असे मात्र म्हणता येत नाही. आयुर्वेदाने असाध्य रोगांचे दोन प्रकार कल्पिले. ज्यावर इलाज करू नये, तो प्रत्याख्येय. आणि जो बरा होत नाही, पण योग्य क्रिया चालू असेतो माणसाला जगू देतो, तो याप्य. याप्य रोग्याच्या शुश्रूषेला सुश्रुताने कोसळू पाहणाऱ्या घराला नीट लावलेल्या टेकूची उपमा दिली आहे. ‘याप्य’ हा शब्द ‘या’ धातूच्या प्रयोजक रूपावरून आलेला आहे. चालवून न्यावयाचा, निभावून न्यावयाचा, असा त्याचा भाव. हा शब्द वैद्यांच्या पोथीतून लोकव्यवहारात उतरला नाही. त्याचे भावंड ‘कालयापन’ मात्र मराठीत आले, आणि तेही वेळ कसातरी घालविणे या अर्थाने. सुश्रुताने प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्तज असे भेद केले, त्यांतील ‘सहज’ म्हणजे जन्माबरोबर आलेला. आजच्या मराठीत ‘सहज’ म्हणजे अनायासे. ज्या शब्दाने कधी जन्मभराच्या व्याधीचा निर्देश होत असे, तोच शब्द आज श्रमाच्या अभावाचा वाचक झाला आहे. शब्दार्थाचा हा पालट नैसर्गिक असून त्याबद्दल खेद करण्याचे कारण नाही. मात्र जी संकल्पना एके काळी एका पारिभाषिक शब्दात सामावत होती, तिच्यासाठी आज ‘जुनाट आजार’ म्हणावे लागते, आणि ‘जुनाट’ या विशेषणाने डोळ्यांसमोर म्हातारा माणूस उभा राहतो, २० वर्षांची मुलगी उभी राहत नाही.

३

बोलीतील ही उणीव शासकीय परिभाषेने भरून काढावी, अशी अपेक्षा असते. ती कितपत पुरी होते? नांदेड जिल्ह्यातील किनवट आणि माहूर या तालुक्यांचे उदाहरण घेता येईल. किनवटचा प्रदेश १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. गोंड, कोलाम, परधान, आंध या समाजांची येथे वस्ती आहे, आणि विदर्भाच्या आदिवासी पट्ट्याप्रमाणे येथेही सिकलसेल हा परिचयाचा आजार आहे. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने २०४७ पर्यंत या रोगाचे निर्मूलन करण्याचे उद्दिष्ट ठेवले असून ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी योजिली आहे. या प्रसाराची मराठी दोन शब्दांवर उभी आहे : ‘वाहक’ आणि ‘ग्रस्त’.

‘वाहक’ हा शब्द ग्रामीण मराठी माणसाला ठाऊक आहे तो एस. टी. च्या गाडीत तिकिटे देणाऱ्या कर्मचाऱ्याचे नाव म्हणून. ज्याच्या रक्तात रोगाचे एकच बीज आहे, ज्याला स्वतःला बहुधा त्रास नाही, परंतु जोडीदारही तसाच असल्यास ज्याच्या प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता २५ टक्के असते, एवढा आशय या शब्दातून आपोआप पोचणे कठीण. ‘ग्रस्त’ या शब्दाची अडचण निराळी आहे. ‘ग्रस्’ म्हणजे गिळणे. लातूर परिसराला हा शब्द फार जवळून ठाऊक आहे : ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आजचा धाराशिव, या जिल्ह्यांतील हजारो कुटुंबे ‘भूकंपग्रस्त’ ठरली. भूकंप, दुष्काळ, पूर या एकदा कोसळून ओसरणाऱ्या आपत्ती होत; त्यांच्यामागे ‘ग्रस्त’ हे पद लागते ते साहाय्याचा हक्क सांगण्यासाठी. जन्मापासून सोबत असलेल्या व्याधीला तेच पद लावले की माणसाचे सारे आयुष्य आपत्तीच्या एका क्षणात गोठते. गिळला गेलेला माणूस बोलत नाही. त्याच्या वतीने दुसऱ्यांनी बोलावयाचे असते.

वयाच्या रेषांची भाषाही तपासण्याजोगी आहे. २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे लाभार्थी जन्मापासून १८ वर्षांपर्यंतचे. अंगणवाडीत आणि शाळेत जाऊन मुलांचे जन्मजात दोष शोधणारी ही योजना मोलाची आहे. २०१४ च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाची मर्यादा १० ते १९ वर्षे. मधुमेह, रक्तदाब इत्यादी असंसर्गजन्य रोगांची लोकसंख्याधारित तपासणी सुरू होते ती ३० व्या वर्षापासून. मधल्या ११ वर्षांतील माणसाला रुग्णालयाचे दार बंद असते, असे नाही; नांदेड आणि लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत कोणालाही जाता येते. परंतु जो पूर्वी शाळेत येऊन त्याला शोधीत होता, तो आता येत नाही, आणि जो पुढे येणार, त्याला अजून अवकाश आहे. शिक्षण, नोकरी, विवाह आणि प्रसूती ही सारी याच वर्षांत येतात. सिकलसेल अभियानाने ४० वर्षांपर्यंतचे वय एकसंध धरले, ही या दृष्टीने योग्य दिशा होय. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने २१ प्रकारांत थॅलेसीमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल यांचा समावेश करून अशा प्रौढांना कायद्याची ओळख दिली, हेही नमूद केले पाहिजे.

उपचारांच्या खर्चाची रचना पाहिली तरी तीच ‘पडणे–उठणे’ ही कल्पना आढळते. २०१२ मध्ये पहिल्या टप्प्यातील ८ जिल्ह्यांत नांदेडचा समावेश करून सुरू झालेल्या आणि पुढे महात्मा फुले यांचे नाव मिळालेल्या जनआरोग्य योजनेचा भर मुख्यतः शस्त्रक्रिया आणि रुग्णालयातील उपचार यांवर आहे. काही उपचारांनंतरच्या पाठपुराव्याची सोय तीत असली तरी तिचा पाया ‘दाखल होणे’ आणि ‘घरी जाणे’ हा आहे. दर तीन-चार आठवड्यांनी घ्यावयाचे पेन्सिलीनचे इंजेक्शन ही अशी घटना नव्हे. ते चुकले तर त्या दिवशी काहीच होत नाही. संधिवाती ज्वर पुन्हा उलटला आणि झडप अधिक बिघडली, हे कळावयास वर्षे लागतात.

४

आता घराकडे वळू. मराठवाड्याच्या बोलीत ‘लेकरू’ या शब्दाइतका मायेचा शब्द दुसरा क्वचितच असेल. हा शब्द नपुंसकलिंगी आहे : लेकरू आलं, लेकरू जेवलं, लेकराला ताप आलाय. निरोगी मुलाच्या बाबतीत हे लिंग यथाकाल गळून पडते. मिसरूड फुटले, कमावू लागला, की तो ‘तो’ होतो. आजारी मुलाच्या बाबतीत मात्र ते चिकटून राहते. ‘माझ्या लेकराचं पोट दुखायलंय’ हे वाक्य सहा वर्षांच्या मुलाविषयी जितक्या स्वाभाविकपणे बोलले जाते, तितक्याच स्वाभाविकपणे २६ वर्षांच्या पुरुषाविषयीही. वैद्यासमोर माता बोलते, रुग्ण शेजारी बसून ऐकतो, वैद्यही प्रश्न मातेलाच विचारतो.

या प्रयोगातील माया खरी आहे आणि तिच्यामुळेच हे मूल २६ वर्षांचे झाले आहे, हे विसरता येत नाही. परंतु नपुंसकलिंगाचा एक परिणाम असा की, प्रौढ वयाचे जे प्रश्न लिंगाशी निगडित आहेत, ते विचारलेच जात नाहीत. हृदयाची झडप बिघडलेल्या तरुणीला गर्भारपणात हृदयावरचा भार वाढतो, हे विवाहापूर्वी सांगणे अवश्य असते. सिकलसेलच्या तरुणाने जोडीदाराची रक्ततपासणी आधी करून घेणे अवश्य असते. पण ‘लेकरा’शी हे कोण बोलणार? मग लग्न ठरताना व्याधी लपविली जाते, लपविण्यासाठी औषधाची बाटली लपविली जाते आणि सासरी औषध बंद होते. मौनाची ही साखळी अज्ञानातून जितकी येते, तितकीच व्याकरणातून येते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

दुसरा लक्षणीय प्रयोग ‘करणे’ या क्रियापदाचा. ‘सासूचं केलं’, ‘त्याचं सगळं आईच करते’ अशा वाक्यांत कर्म सांगितलेले नसते. भरविणे, न्हाऊ घालणे, औषध देणे, जागणे हे सारे त्या रिकाम्या जागेत सामावलेले असते. शुश्रूषेचे इतके व्यापक वर्णन इतक्या कमी शब्दांत करणे ही मराठीची खास शक्ती आहे. मात्र या रचनेत रुग्ण षष्ठीत असतो. तो कर्ता नसतो, आणि उघडपणे कर्मही नसतो. तो केवळ संबंधाने उरतो. याच क्रियापदाचा दुसरा प्रयोग ‘स्वतःचं स्वतः करणे’ हा आहे. येथे षष्ठीतील माणूस आणि कर्ता एक होतात. बालरुग्णापासून प्रौढ रुग्णापर्यंतची सारी वाटचाल या दोन वाक्यांच्या दरम्यान आहे. वैद्यक ज्याला मोठे शास्त्रीय नाव देते, त्याचा नेमका निर्देश मराठवाड्यातील कोणतीही माता ‘आता ते स्वतःचं स्वतः करतंय’ या शब्दांत करू शकते. त्यातही क्रियापद नपुंसकलिंगीच राहिले, हा भाग निराळा.

५

मराठी साहित्य आणि चित्रपट यांनी हा विषय कसा हाताळला, हे पाहणे उद्बोधक ठरेल. राष्ट्रीय पुरस्कार मिळविलेला संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (२००४) हा चित्रपट डोळ्यांचा कर्करोग झालेल्या मुलाचा आणि त्याच्या आजोबांचा आहे. शस्त्रक्रियेने दृष्टी जाणार, हे मुलाला सांगावयाचे की नाही, हा त्याचा नैतिक केंद्रबिंदू. आणि मुलाला सांगितलेच पाहिजे, ही वैद्याची भूमिका येथील विवेचनाला पोषक आहे. तथापि मूल गावी परतते तेथे कथा संपते. पुढे हा मुलगा तरुण होईल, तेव्हा स्वतःच्या रोगाविषयी काय जाणत असेल, हा प्रश्न चित्रपटाच्या बाहेर राहतो. कथेच्या दृष्टीने तो शेवट समर्पक आहे; पण बालरुग्णाच्या कथा बहुधा येथेच का संपतात, याचा विचार समीक्षेने करावयास हवा. बरे होणे किंवा जाणे यांखेरीज तिसरा शेवट आपल्या कथनपरंपरेला सुचत नाही, हे त्याचे एक कारण असावे.

जयवंत दळवी यांच्या ‘नातीगोती’ या नाटकात वय पुढे सरकलेले आहे. बौद्धिक विकलांग मुलगा शरीराने वाढला आहे आणि मातापित्यांची शक्ती ओसरत आहे. ‘आमच्यामागे याचे कोण करणार’ हा तेथील प्रश्न, आणि तो दळवींनी हळवेपणा टाळून मांडला. परंतु विषयाच्या स्वरूपामुळेच तेथे मुलाला प्रथम पुरुष नाही. नाटक पालकांचे आहे. नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन या दोहोंपासून वेगळे पडते. ऐन किशोरवयात अर्धे शरीर निकामी झालेली मुलगी येथे स्वतः बोलते, आणि त्या बोलण्याबरोबर शुश्रूषेचा विषयच पालटतो. घराचा उंबरा, नोकरीचे ठिकाण, इतर अपंगांसाठी उभी करावयाची संस्था, असे प्रश्न पुढे येतात. पालकांच्या मुखातील वृत्तात ते क्वचितच येतात. कोल्हापूरची ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था या प्रथम पुरुषाचेच कार्यरूप होय. दलित आणि स्त्री आत्मकथनांनी मराठीत जे सिद्ध केले, तेच येथेही दिसते : बोलणारा पुरुष बदलला की आशय बदलतो.

६

प्रथम पुरुषाचा हा आग्रह परक्या व्यक्तिवादाची आयात आहे, असा आक्षेप येऊ शकतो. मराठवाड्यातील माणूस कुटुंबात जगतो. त्याला १८ व्या वर्षी एकटे काढणे ही शुश्रूषा नव्हे, असे म्हटले जाईल. आक्षेपात तथ्य आहे. ‘आता तू मोठा झालास, तुझे तू बघ’ असे म्हणून बालरोग विभागाने हात झाडले, तर रुग्ण ‘मी’ होत नाही, नाहीसा होतो. याचे निर्वाणीचे रूप लातूरमध्ये पाहता येते. अकरावी-बारावी आणि प्रवेशपरीक्षा यांच्या शिकवणीसाठी साऱ्या मराठवाड्यातून मुले तेथे येतात आणि खोल्यांत, वसतिगृहांत राहतात. मधुमेहाच्या मुलाला ज्या वयात रोगाचा कारभार हाती घ्यावयाचा, त्याच वयात तो मातेपासून तुटतो. खानावळीची वेळ आणि इन्सुलीनची वेळ जुळत नाही. उन्हाळ्यात शीतकपाट नसल्यास औषध ओल्या मडक्यात ठेवावे लागते. रात्री साखर उतरली तर शेजारच्या खाटेवरील मुलाला आधी सांगून ठेवावे लागते. हे सांगण्याची भाषा त्याच्याजवळ नसेल, तर तो सांगत नाही.

या पेचातून वाट मराठीच दाखविते. मराठीत प्रथम पुरुषाच्या अनेकवचनाला दोन रूपे आहेत : ऐकणाऱ्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारे ‘आपण’. तेलुगूतही ‘मेमु’ आणि ‘मनमु’ असा हाच भेद आहे, आणि मराठीने तो द्राविड भाषांच्या सहवासात जोपासला, असे अनेक अभ्यासक मानतात. वैद्यासमोर माता म्हणते, ‘आम्ही रोज औषध देतो’. येथे ‘आम्ही’त मूल नाही. १२-१३ व्या वर्षापासून हे वाक्य ‘आपण किती युनिट घेतो, सांग बरं डॉक्टरांना’ असे झाले, तर मूल वाक्यात येते, आणि उत्तर देताना ‘मी’ आपोआप उच्चारतो. परिचारिकेच्या तोंडच्या ‘चला, आपण सुई घेऊ’ या लटक्या ‘आपण’पेक्षा हा प्रयोग भिन्न आहे, कारण येथे बोलण्याची पाळी खरोखरच रुग्णाला दिली जाते.

नांदेड-लातूरच्या सीमावर्ती तालुक्यांत या गोष्टीला आणखी एक पदर आहे. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, तांड्यांवर गोरमाटी, नांदेड शहरात दखनी आणि किनवटकडे गोंडी व कोलामी. कोलामीचे वर्णन एमेनो यांनी १९५५ मध्येच प्रसिद्ध केले. पण तिच्यातील दुखण्याची भाषा आजही रुग्णालयात पोचत नाही. आश्रमशाळेत शिकलेले मूल अशा घरात मातेपेक्षा सफाईने मराठी बोलते. वैद्य मातेला विचारतो, माता मुलाकडे पाहते, मूल भाषांतर करते. म्हणजे रुग्ण बोलतच असतो. फक्त तो दुभाष्या समजला जातो, त्याचे वृत्त त्याचे समजले जात नाही. येथे पाठ शिकावयाचा आहे तो प्रश्न विचारणाऱ्याने.

यावरून काही व्यवहार्य गोष्टी निष्पन्न होतात. बालरोग विभागात किशोरवयीन रुग्णाला प्रत्येक भेटीत काही वेळ एकट्याने बोलू द्यावे. रोगाचे नाव, आरंभ, औषधे, मात्रा आणि संकटाची लक्षणे यांचा एका पानाचा मराठी मजकूर त्याच्याकडूनच, त्याच्याच शब्दांत, प्रथम पुरुषात लिहवून घ्यावा आणि प्रौढ विभागात तो वाचला जावा. परिभाषाकारांनी ‘ग्रस्त’ आणि ‘वाहक’ यांना पर्याय शोधताना ज्यांना ती पदे लागतात, त्यांना विचारावे. विद्यापीठीय भाषाविभागांनी सीमाभागातील बोलींतील दुखण्याच्या शब्दांचे संकलन हाती घ्यावे. कोशरचनेइतकेच त्याचे मोल रुग्णालयात आहे.

ही कामे लहान आहेत, आणि कोणत्याही नव्या औषधावाचून होण्याजोगी आहेत. ती न झाल्यास काय होते, ते उघड आहे : १८ वर्षे एका मातेने जपलेले आयुष्य पुढल्या काही वर्षांत, कोणाच्या नोंदीत न येता, विस्कटते. सुश्रुताचा टेकू घर उभे असेतोच लावावयाचा असतो.